भुलीखालील मेंदू-आलेखन व वेदना-प्रतिसाद

भुलीखालील मेंदू-आलेखन ही शस्त्रक्रियेसाठी भूल दिलेल्या माणसाच्या किंवा जनावराच्या मेंदूतील विद्युत क्रिया सतत टिपण्याची पद्धत आहे. तिच्या आधारे भूल किती खोल गेली आहे याचा अंदाज बांधता येतो. कापणे, डागणे, चिमटणे अशा इजाकारक उद्दीपनाची वार्ता मेंदूच्या बाह्यस्तरापर्यंत पोहोचते की नाही, हेही तिच्यामुळे पाहता येते. माणसांच्या शस्त्रक्रियागृहात या पद्धतीचा उपयोग प्रामुख्याने रुग्ण अर्धवट शुद्धीवर येऊ नये यासाठी होतो. पशुवैद्यकात तिचे काम वेगळे आहे. जे बोलू शकत नाही त्या जनावराला एखाद्या नित्याच्या क्रियेत किती दुखत असावे, याचा पुरावा तिच्यामुळे मिळू शकतो.

पुणे जिल्ह्याच्या आग्नेय भागातील बारामती व इंदापूर या तालुक्यांशी विषयाचा संबंध या दुसऱ्या बाजूने येतो. दूधधंदा, शेळी-मेंढीपालन आणि बैलांची शेती या तिन्हींमुळे तेथे वासरांच्या शिंगकळ्या डागणे, खच्चीकरण आणि शिंगाच्या कर्करोगावरील शस्त्रक्रिया ही कामे नेहमीची आहेत. मेंदू-आलेखनाचे यंत्र गोठ्यात नेण्याजोगे नाही. मात्र त्यातून निघालेले निष्कर्ष गोठ्यातील रोजच्या व्यवहाराला थेट लागू पडतात.

वेदना आणि इजासंवेदन

या विषयात दोन कल्पना वेगळ्या ठेवाव्या लागतात. त्वचेला, स्नायूला किंवा हाडाला इजा झाली की तेथील चेतातंतू उद्दीपित होतात आणि त्यांचा संदेश मेरुरज्जूमार्गे वर जातो. या शारीरिक प्रक्रियेला इजासंवेदन म्हणता येईल. तो संदेश मेंदूत पोहोचून त्याची अप्रिय अनुभव म्हणून जाणीव झाली, तरच ती वेदना. बेशुद्ध देहात इजासंवेदन चालू राहू शकते. वेदना मात्र जाणिवेवाचून संभवत नाही. 'भुलीखाली रुग्णाला दुखते का?' हा प्रश्न म्हणूनच जितका सरळ वाटतो तितका नाही. बहुतेक गैरसमज या दोन कल्पनांची सरमिसळ केल्याने होतात.

वेदनेच्या अभ्यासाची आंतरराष्ट्रीय संघटना आयएएसपी हिने 1979 साली वेदनेची व्याख्या केली आणि 2020 मध्ये तिच्यात सुधारणा केली. सुधारित व्याख्येच्या सोबतच्या टिपांत, एखाद्याला आपली वेदना सांगता येत नाही एवढ्यावरून ती नाही असे ठरत नाही, हे स्पष्ट केले आहे. हा मुद्दा जनावरांना जसा लागू आहे तसाच तान्ह्या मुलांनाही. 1980 च्या दशकापर्यंत अनेक देशांत अपुऱ्या दिवसांच्या बालकांवर अत्यल्प भूल देऊन शस्त्रक्रिया होत असत. त्यांची मज्जासंस्था पक्व नसल्याने त्यांना वेदना कळत नाही, अशी समजूत होती. भारतीय वंशाचे बालरोगतज्ज्ञ कन्वलजीत सिंग आनंद आणि त्यांचे सहकारी यांनी 1987 मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात एक अभ्यास प्रसिद्ध केला. हृदयाजवळील रक्तवाहिनी बांधण्याच्या शस्त्रक्रियेत ज्या बालकांना फेंटानिल हे प्रबळ वेदनाशामक दिले, त्यांच्या शरीरातील ताणदर्शक संप्रेरके इतर बालकांपेक्षा पुष्कळ कमी वाढली, असे त्यात दिसले. त्यानंतर ही समजूत वेगाने मागे पडली.

पूर्वपीठिका

ईथर व क्लोरोफॉर्म यांचा वापर 1846-47 मध्ये सुरू झाला तेव्हा भुलीची खोली ओळखण्याची साधने म्हणजे वैद्याचे डोळे, कान आणि बोटे. श्वासाची लय, बाहुलीचा आकार, नेत्रगोलाची हालचाल, पापणीला स्पर्श केल्यावर ती मिटते का, नाडी कशी आहे, एवढ्यावर सारा भरवसा होता. अमेरिकी भूलतज्ज्ञ आर्थर गेडेल यांनी 1920 साली या लक्षणांची पायऱ्यांत मांडणी केली. ती ईथरच्या काळात फार उपयोगी ठरली.

क्लोरोफॉर्मच्या इतिहासात मराठी मुलुखाला जवळचे एक प्रकरण आहे. मराठवाडा ज्यात सामील होता त्या निजामाच्या राज्यात, हैदराबाद येथे, एडवर्ड लॉरी या शल्यचिकित्सकाच्या पुढाकाराने 1888 व 1889 मध्ये दोन क्लोरोफॉर्म आयोग बसले. खर्च निजाम सरकारने केला. दुसऱ्या आयोगासाठी 'लॅन्सेट'तर्फे लंडनहून लॉडर ब्रंटन आले. शेकडो जनावरांवर प्रयोग करून आयोगाने असा निष्कर्ष काढला की क्लोरोफॉर्मने आधी श्वास थांबतो, हृदय नंतर. म्हणून श्वासाकडे लक्ष ठेवले की पुरे. हा निष्कर्ष अपुरा होता. 1911 साली इंग्लंडमध्ये ए. जी. लेव्ही यांनी मांजरांवरील प्रयोगांत दाखवले की क्लोरोफॉर्मची भूल हलकी असताना रक्तातील ॲड्रिनॅलिन वाढले, तर हृदयाच्या जवनिका लयबद्ध आकुंचनाऐवजी नुसत्या थरथरू लागतात आणि मृत्यू तत्क्षणी येतो. वेदना व भीती यांनी ॲड्रिनॅलिन वाढतेच. किरकोळ शस्त्रक्रियेसाठी 'थोडेसेच' क्लोरोफॉर्म दिलेली धडधाकट माणसे अचानक का दगावत, याचा उलगडा यातून झाला. क्लोरोफॉर्मचा पहिला नोंदलेला बळी, 1848 मध्ये मरण पावलेली हॅना ग्रीनर ही पंधरा वर्षांची मुलगी, पायाच्या अंगठ्याचे नख काढून घेणार होती. तिच्या मृत्यूच्या नेमक्या कारणाविषयी मतभेद आहेत. हलकी भूल म्हणजे सुरक्षित भूल हा समज मात्र लेव्ही यांच्या कामानंतर टिकला नाही.

दुसरे वळण 1942 साली आले. कॅनडातील माँट्रियल येथे हॅरल्ड ग्रिफिथ आणि एनिड जॉन्सन यांनी शस्त्रक्रियेच्या वेळी क्युरारे वापरून रुग्णाचे स्नायू शिथिल केले. त्यामुळे कमी भुलीत पोट उघडणे शक्य झाले, परंतु त्याबरोबर जुन्या खुणांपैकी अर्ध्या निरुपयोगी ठरल्या. स्नायू शिथिल झालेला रुग्ण दुखले तरी हलू शकत नाही, कण्हू शकत नाही, भुवईसुद्धा उचलू शकत नाही. जागेपणी शस्त्रक्रिया अनुभवल्याच्या तक्रारी या काळापासून वैद्यकीय साहित्यात गांभीर्याने येऊ लागल्या आणि थेट मेंदूकडे पाहण्याची निकड निर्माण झाली.

मेंदू-आलेख

जर्मन मनोविकारतज्ज्ञ हान्स बेर्गर यांनी 1924 मध्ये माणसाच्या मेंदूतील विद्युत लहरी प्रथम नोंदवल्या आणि 1929 मध्ये ते संशोधन प्रसिद्ध केले. डॉक्टर ज्याला ईईजी म्हणतात तो हाच आलेख. डोक्यावर लावलेल्या विद्युतअग्रांना मिळणारा हा संकेत व्होल्टचे काही दशलक्षांश भाग इतका दुर्बळ असतो, म्हणून तो पुष्कळ पटींनी मोठा करून पाहावा लागतो. लहरींचे वर्गीकरण त्यांच्या वारंवारतेवरून होते. सेकंदाला चारपेक्षा कमी आवर्तने असणाऱ्या डेल्टा, चार ते आठ थीटा, आठ ते तेरा आल्फा आणि त्याहून जलद त्या बीटा.

जागेपणी आलेख जलद आणि बुटका असतो. भूल चढू लागली की आरंभी बीटा लहरी वाढतात, पुढे लहरी मंद आणि उंच होत जातात. भूल फार खोल गेली तर काही क्षण उसळी व काही क्षण सपाट रेषा अशी आळीपाळी सुरू होते आणि अखेर रेषा पूर्ण सपाट होते. हा क्रम 1930 च्या दशकातच लक्षात आला होता. मात्र शस्त्रक्रिया चालू असताना कागदावरच्या नागमोडी रेषा वाचत बसणे कोणाही भूलतज्ज्ञाला शक्य नव्हते. संगणक आल्यावर फूरिये रूपांतर या गणिती रीतीने आलेखातील निरनिराळ्या वारंवारतांचे प्रमाण क्षणोक्षणी काढता येऊ लागले. त्यातून काही सुटसुटीत मोजमापे निघाली. आलेखातील एकूण शक्ती ज्या वारंवारतेपाशी निम्मी-निम्मी विभागली जाते ती मध्यक वारंवारता. पंच्याण्णव टक्के शक्ती जिच्या खाली येते ती सीमा-वारंवारता. आणि तिसरे मोजमाप म्हणजे एकूण शक्ती. जनावरांवरील वेदना-संशोधनात आजही ही तीनच मापे प्रामुख्याने वापरली जातात.

माणसांसाठी याहून संक्षिप्त असा बायस्पेक्ट्रल निर्देशांक तयार झाला. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने त्याच्या यंत्राला 1996 मध्ये मान्यता दिली. कपाळावर पट्टी चिकटवली की पडद्यावर 0 ते 100 मधला एक आकडा दिसतो. पूर्ण भुलीसाठी 40 ते 60 ही मर्यादा योग्य मानतात. हा आकडा किती विश्वासार्ह, यावर बराच वाद झाला आहे. 2004 मध्ये ऑस्ट्रेलियातील भूलतज्ज्ञ पॉल माइल्स व सहकाऱ्यांनी सुमारे अडीच हजार जोखमीच्या रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. निर्देशांक वापरल्याने शस्त्रक्रियेत जाग येण्याचे प्रमाण स्पष्टपणे घटले, असे त्यात आढळले. पुढे 2008 व 2011 मध्ये मायकल एव्हिडन यांच्या गटाने वेगळी तुलना केली. रुग्णाच्या निःश्वासातील भुलीच्या वायूचे प्रमाण मोजून ते कमी होताच इशारा देणाऱ्या साध्या पद्धतीपेक्षा हा निर्देशांक सरस ठरला नाही. दोन्ही अभ्यास एकमेकांना खोडत नाहीत. शिरेतून औषध देऊन पूर्ण भूल दिली जाते तेव्हा मोजायला वायूच नसतो. अशा वेळी आलेखनाचे मोल अधिक असते.

निर्देशांकाच्या उणिवाही ठाऊक झाल्या आहेत. केटामाइनने रुग्ण पूर्ण बेभान असतानाही आकडा उंच राहतो, कारण ते औषध जलद लहरी वाढवते. उलट, जागे असलेल्या स्वयंसेवकांना केवळ स्नायू शिथिल करणारे औषध दिल्यावर आकडा भुलीच्या मर्यादेपर्यंत उतरल्याचे प्रयोगांत दिसले आहे, कारण यंत्र कपाळाच्या स्नायूंची हालचालही जागेपणाची खूण म्हणून मोजत होते. शिथिलनाचे औषध दिलेल्या रुग्णाला विचारून पाहण्याची एक जुनी आणि साधी युक्ती आहे. 1977 साली टनस्टॉल यांनी सिझेरियनच्या वेळी तिचे वर्णन केले. दंडाला पट्टा आवळून एका हातापर्यंत शिथिलनाचे औषध पोहोचू द्यायचे नाही आणि मग 'ऐकू येत असेल तर माझा हात दाबा' असे सांगायचे. कित्येक रुग्ण हात दाबतात आणि नंतर त्यांना त्यातले काहीही आठवत नाही. म्हणजे आठवण नसणे आणि जाणीव नसणे यांतही अंतर आहे.

हालचाल आणि मेंदू

वायुरूप भुलीची मात्रा ठरवण्याचे जगन्मान्य प्रमाण 1960 च्या दशकात एडमंड ईगर व सहकाऱ्यांनी रूढ केले. त्वचेवर छेद घेतल्यावर निम्मे रुग्ण हलत नाहीत, ती फुप्फुसातील वायूची किमान मात्रा हे ते प्रमाण होय. हॅलोथेनसाठी माणसात ते सुमारे 0.75 टक्के आहे. अनेक दशके या प्रमाणाकडे मेंदूवरील परिणामाचे माप म्हणून पाहिले गेले. हलला नाही, त्या अर्थी मेंदू निजला आहे, असे गृहीत धरले गेले होते.

1993 मध्ये हे गृहीतक दोन प्रयोगशाळांत जवळजवळ एकाच वेळी ढासळले. रॅम्पिल यांच्या गटाने उंदरांच्या मेंदूचा पुढचा भाग वेगळा केला. तरी शेपटी चिमटल्यावर न हलण्यासाठी लागणारी भुलीची मात्रा बदलली नाही. अँटोग्निनी आणि श्वार्ट्झ यांनी शेळ्या निवडल्या. शेळीच्या मेंदूकडे जाणारा रक्तप्रवाह उरलेल्या देहापासून वेगळा करणे शस्त्रक्रियेने साधते. त्यांनी यंत्राच्या साहाय्याने आयसोफ्लुरेन एकदा सर्व देहाला आणि एकदा केवळ मेंदूला दिले. सर्व देहाला भूल असताना शेळी स्थिर राहण्यास सुमारे 1.2 टक्के मात्रा पुरली; केवळ मेंदूला भूल असताना सुमारे 2.9 टक्के लागली. मेंदू गाढ निजलेला असूनही खूर चिमटताच शेळी पाय ओढत होती, कारण पाय ओढण्याची आज्ञा मेरुरज्जू देतो.

या प्रयोगाचे दोन्ही बाजूंनी अर्थ निघतात. भुलीखाली देह हलला म्हणजे वेदनेची जाणीव झालीच असे नाही; ती प्रतिक्षिप्त क्रिया असू शकते. आणि देह स्थिर राहिला म्हणजे वेदनेची वार्ता मेंदूपर्यंत गेली नाही, असेही म्हणता येत नाही. दुसऱ्या अर्थाकडे व्यवहारात अधिक दुर्लक्ष होते आणि त्याची किंमत जनावर मोजते.

हलक्या भुलीची पद्धत

पशुवैद्यकातील वेदना-संशोधनापुढे एक नैतिक पेच असतो. वेदना मोजायची तर ती द्यावी लागते. न्यूझीलंडमधील पामर्स्टन नॉर्थ येथील मॅसी विद्यापीठात क्रेग जॉन्सन आणि सहकाऱ्यांनी यातून एक वाट काढली. जनावराला हॅलोथेनने हलकी पण पुरेशी भूल द्यायची. ते बेशुद्ध असते, त्यामुळे त्याला दुःख होत नाही. भूल खोल नसल्याने मेंदूचा बाह्यस्तर येणाऱ्या संदेशाला प्रतिसाद देण्याइतका जागरूक राहतो. मग अभ्यासायची ती क्रिया करून आलेखातील बदल पाहायचा. वायुरूप औषधांपैकी हॅलोथेन आलेखाला सर्वांत कमी दडपते, म्हणून माणसांच्या वापरातून ते बहुतांशी गेले असले तरी या संशोधनात टिकून राहिले.

इजाकारक उद्दीपनाने या स्थितीत आलेखाची मध्यक वारंवारता वाढते आणि एकूण शक्ती घटते, म्हणजेच आलेख जागेपणाच्या दिशेने सरकतो. मॅसी येथील गटाने 2007 मध्ये वासरांची शिंगे कापण्याचा अभ्यास प्रसिद्ध केला. शिंग नुसतेच कापले तेव्हा आलेखात हा बदल ठळकपणे आला. शिंगाभोवती आधी लिग्नोकेन टोचून जागा बधिर केली होती, त्या वासरांत तो फारसा दिसला नाही. दोन्ही गटांतील वासरे सारखीच बेशुद्ध होती. फरक फक्त मज्जातंतू बधिर केले होते की नव्हते, एवढाच होता. भूल देऊनही स्थानिक बधिरीकरण का करावे, या प्रश्नाला इतके सरळ उत्तर दुसऱ्या कोणत्या प्रयोगाने क्वचितच दिले असेल.

याच पद्धतीने कोकरांच्या खच्चीकरणाचाही अभ्यास झाला. नुकत्याच जन्मलेल्या कोकरात आलेखाचा प्रतिसाद क्षीण असतो आणि पहिल्या काही दिवसांत तो वाढत जातो, असे दिसले. लहान वयात उरकलेली क्रिया कमी त्रासाची, या मेंढपाळांच्या अनुभवाला यातून काहीसा आधार मिळतो. मात्र तो पहिल्या काही दिवसांपुरताच आहे. महिन्या-दोन महिन्यांच्या कोकराला हा निष्कर्ष लावता येत नाही.

बारामती-इंदापूर परिसर

बारामती व इंदापूर तालुक्यांचा बराच भाग पर्जन्यछायेत येतो. नीरा डाव्या कालव्याने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून आणि भीमेवरील उजनी जलाशयाने पुढील काळात येथे बागायत वाढवली. ऊस आला, साखर कारखाने आले आणि उसाच्या वाढ्यांवर व मक्याच्या चाऱ्यावर दुभती जनावरे पोसली जाऊ लागली. मणिभाई देसाई यांनी 1967 मध्ये याच जिल्ह्यातील उरुळी कांचन येथे स्थापन केलेल्या बाएफ संस्थेने गोठवलेल्या वीर्यमात्रांच्या साहाय्याने संकरित गायींचा प्रसार केला. बारामतीचे कृषी विज्ञान केंद्र दुग्धव्यवसायाचे प्रशिक्षण देते. होल्स्टीन व जर्सी संकराच्या गायी, माळरानावरची खिलार जनावरे, उस्मानाबादी व संगमनेरी शेळ्या आणि धनगरांचे दख्खनी मेंढ्यांचे कळप असे मिश्र पशुधन येथे आढळते.

मुक्त संचार गोठ्यात गायी मोकळ्या फिरत असल्याने शिंगे एकमेकींना इजा करतात. म्हणून संकरित कालवडींच्या शिंगकळ्या लहानपणीच नष्ट करण्याची पद्धत पडली आहे. सुमारे दोन महिन्यांपर्यंत शिंगाची कळी कातडीतच असते, कवटीच्या हाडाशी जुळलेली नसते. त्या वयात तापलेल्या डागणीने किंवा कॉस्टिकच्या कांडीने ती जाळता येते. त्यानंतर शिंगाच्या गाभ्यात कपाळाच्या हाडातील पोकळी शिरू लागते आणि मोठेपणी शिंग कापले तर ती पोकळीच उघडी पडते.

शिंगाला संवेदना पुरवणारा मुख्य मज्जातंतू डोळ्याच्या मागून निघून कपाळाच्या हाडाच्या बाहेरील कडेखालून शिंगाकडे जातो. डोळ्याचा बाहेरचा कोपरा आणि शिंगकळी यांच्या साधारण मध्यावर, हाडाच्या या कडेखाली दोन टक्के लिग्नोकेन टोचले की तो बधिर होतो. टोचल्यावर पाच ते दहा मिनिटे थांबणे आणि कळीभोवती सुई टोचून बधिरपणाची खात्री करणे आवश्यक असते. घाई याच पायरीवर होते. मोठ्या जनावरात मानेकडून येणारे तंतूही शिंगाच्या मागच्या बाजूला पोहोचतात. म्हणून एका ठिकाणच्या इंजेक्शनवर न विसंबता शिंगाच्या बुडाभोवती कडे करून औषध द्यावे लागते. करडांच्या बाबतीत अधिक सावधगिरी हवी. शेळीच्या शिंगाला दोन मज्जातंतू जातात. तिची कवटी पातळ असल्याने डागणी जास्त वेळ टेकली तर खाली मेंदूला भाजते. लिग्नोकेनची मात्राही वजनाच्या मानाने सहज जास्त होते आणि विषबाधा होऊ शकते.

जनावर शांत करण्यासाठी पशुवैद्य झायलाझिन वापरतात. रवंथ करणारी जनावरे या औषधाला फार संवेदनशील असतात. गायीची मात्रा घोड्याच्या मात्रेच्या सुमारे दहावा भाग असते. झायलाझिन दिलेले जनावर मान टाकते, लाळ गाळते, बसते. नाडी मंदावते, पोट फुगू शकते, आडवे पडल्यास पोटातील द्रव घशात येऊन श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतो. म्हणून मोठ्या जनावराला आधी उपाशी ठेवतात आणि तोंड उतरते राहील अशी डोक्याची बाजू ठेवतात. या औषधात थोडा वेदनाशामक गुण आहे, पण शिंग कापण्याला तो पुरत नाही. शांत पडलेल्या बैलाकडे पाहून 'याला काही लागत नाही' असे म्हणणे आणि 1942 नंतरच्या शस्त्रक्रियागृहात निश्चल रुग्णाकडे पाहून तसेच समजणे, ही चूक एकाच जातीची आहे.

या भागात सर्वांत गंभीर प्रसंग म्हणजे बैलांच्या शिंगाचा कर्करोग. भारतीय गोवंशात हा रोग विशेष आढळतो. तो शिंगाच्या गाभ्यातील अंतस्त्वचेत सुरू होतो, बहुधा मध्यम वयाच्या खच्ची केलेल्या बैलांत आणि बहुतेक वेळा एकाच बाजूला. बैल डोके झाडू लागतो, मान एका अंगाला कलती ठेवतो, त्या बाजूच्या नाकपुडीतून रक्त किंवा घाण येते, शिंग ढिले होऊन लवते. जुवाचे घर्षण, ऊन, शिंगे साळणे, बेंदूर-पोळ्याला लावले जाणारे रंग अशी अनेक कारणे सुचवली गेली आहेत. एकही निर्विवाद ठरलेले नाही. उपाय म्हणजे शिंग बुडापासून काढून वरून कातडी शिवून घेणे. झायलाझिन देऊन, शिंगाचे मज्जातंतू बधिर करून ही शस्त्रक्रिया केली जाते. तिचे शिक्षण मुंबईच्या 1886 साली स्थापन झालेल्या पशुवैद्यक महाविद्यालयात आणि बारामतीला जवळ असलेल्या सातारा जिल्ह्यातील शिरवळच्या क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यक महाविद्यालयात दिले जाते.

लिग्नोकेनचा परिणाम काही तासांत ओसरतो, जखम मात्र राहते. परदेशी अभ्यासांत असे दिसले की केवळ स्थानिक बधिरीकरण केलेल्या वासरांच्या रक्तातील कॉर्टिसॉल हे ताणाचे संप्रेरक क्रियेच्या वेळी वाढत नाही, परंतु औषध उतरताच वाढते. सोबत दाहशामक वेदनाहारक दिले तर ही दुसरी वाढही बरीच आटोक्यात राहते. भारतात यासाठी मेलॉक्सिकॅम निवडण्यामागे एक स्वतंत्र कारण आहे. डायक्लोफेनॅक दिलेल्या जनावरांचे मृतदेह खाऊन गिधाडे मोठ्या प्रमाणावर मेल्याने जनावरांसाठी त्या औषधावर 2006 मध्ये बंदी आली. केटोप्रोफेन आणि ॲसिक्लोफेनॅक यांच्यावर 2023 मध्ये आली. मेलॉक्सिकॅम गिधाडांना सुरक्षित असल्याचे तपासले गेले आहे.

खच्चीकरण पूर्वी दगड-लाकडाने ठेचून किंवा बडवून करत. बर्डिझो चिमटा आल्यावर रक्त न सांडता वृषणाकडे जाणारी रक्तवाहिनी कातडीवरूनच चेपता येऊ लागली. जखम दिसत नाही म्हणून ही क्रिया वेदनारहित समजली जाते. प्रत्यक्षात चिमट्याखाली रक्तवाहिनीबरोबर मज्जातंतूही चिरडले जातात आणि येथेही आधी लिग्नोकेन टोचणे इष्ट असते.

माणसांच्या बाजूने पाहता, बारामती येथे 2019 पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू आहे आणि त्याला पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर यांचे नाव आहे. भुलीच्या वेळची किमान देखरेख म्हणजे हृदयालेख, रक्तदाब, रक्तातील प्राणवायूचे प्रमाण आणि निःश्वासातील कार्बन डायऑक्साइडचे मोजमाप. मेंदू-आलेखन या किमान यादीत सर्वत्र धरले जात नाही. शिरेतून दिलेली भूल, वृद्ध रुग्ण आणि रक्तदाब घसरलेला अपघातग्रस्त अशा प्रसंगी त्याची गरज विशेष भासते.

कायदा

प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा केंद्रीय अधिनियम 1960 सालचा आहे. त्याच्या कलम 11 मध्ये क्रूरतेची कृत्ये सांगितली आहेत. त्याच कलमाच्या तिसऱ्या पोटकलमाने गुरांची शिंगे काढणे, तसेच कोणत्याही जनावराचे खच्चीकरण, डागणे आणि वेसण घालणे या गोष्टी 'विहित रीतीने' केल्यास त्यांना वगळले आहे. वगळणूक सरसकट नाही. ती या दोन शब्दांवर टेकलेली आहे. प्रयोगांबाबत कलम 17 अधिक स्पष्ट आहे. शस्त्रक्रियेचा समावेश असलेले प्रयोग शक्यतो जनावराला वेदना होणार नाही इतक्या प्रबळ भुलीखालीच करावेत, असे त्यात म्हटले आहे. हलक्या भुलीच्या पद्धतीने प्रयोग करायचा तर 'पुरेशी प्रबळ' भूल कोणती, हा प्रश्न संस्थेच्या प्राणी-नीती समितीपुढे येतोच.

मर्यादा

आलेखातील बदल हा वेदनेचा अनुभव नव्हे. जनावर बेशुद्ध असते. ते जागे असते तर त्याला दुखले असते, असे अनुमान तेवढे आलेखावरून काढता येते. या अनुमानाला वर्तनाचे निरीक्षण आणि संप्रेरकांचे मोजमाप यांची जोड लागते. दोन जातींच्या जनावरांतील आकडे समोरासमोर ठेवून कोणाला जास्त दुखते हे ठरवता येत नाही, कारण कवटीची जाडी, अग्रांची जागा आणि भुलीचा परिणाम जातीनुसार बदलतो. मान किंवा कानाच्या स्नायूंची हालचाल संकेतात मिसळते आणि ती जलद लहरींसारखी दिसत असल्याने दिशाभूल करते.

गोवंशात आणखी एक अडचण शरीररचनेची आहे. वय वाढते तशी कपाळाच्या हाडातील पोकळी पसरत जाऊन मेंदूच्या वर हवेचा जाड थर तयार होतो आणि कातडीखाली खोचलेल्या सुईअग्रापर्यंत पोहोचणारा संकेत दुबळा होतो. या क्षेत्रातील विश्वसनीय आलेख बव्हंशी वासरांचे आहेत. शिंगाच्या कर्करोगासाठी आडवा पाडलेल्या सात-आठ वर्षांच्या बैलाविषयी जे सांगितले जाते, ते त्याच्या स्वतःच्या आलेखावरून नव्हे, वासरांच्या आलेखावरून आणि बैलाच्या वागण्यावरून सांगितलेले असते.